गिल्बर्टची अणुपेटी: बरणीचं झाकण कशासाठी?

आजवर इथे शोधनिबंधांची चिकित्सा केली. या वेळी समीक्षेला एक खेळणं घेतलंय. हसू नका, कारण प्रयोगाची रचना कशी असावी आणि सूचना कशी लिहू नये, हे दोन्ही शिकायला इतकी चांगली वस्तू क्वचित सापडते. शिवाय तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी हल्ली स्वस्तातला गायगर काउंटर मागवलाय. तो मुंबईच्या लोकलपासून स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यापर्यंत सगळ्यांसमोर धरून झालाय आणि ‘हा आकडा जास्त आहे का?’ असं विचारणारे मेल मला येतात. त्याचं उत्तरही या खेळण्यातून निघेल.

१९५० साली अमेरिकेत, कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनच्या ए. सी. गिल्बर्ट कंपनीनं ‘गिल्बर्ट यू-२३८ अ‍ॅटॉमिक एनर्जी लॅबोरेटरी’ नावाची पेटी बाजारात आणली. किंमत साडेएकोणपन्नास डॉलर, आजच्या हिशेबात सहाशेच्या आसपास. पेटीत काचेच्या चार छोट्या बरण्या होत्या आणि त्यांत युरेनियमची चार खनिजं: ऑट्युनाइट, टॉर्बर्नाइट, युरेनिनाइट आणि कार्नोटाइट. शिवाय बीटा, गॅमा वगैरे किरण देणारे वेगळे क्षीण स्रोत. सोबत गायगर काउंटर, इलेक्ट्रोस्कोप, स्पिंथॅरिस्कोप आणि क्लाउड चेंबर. वाचायला माहितीपुस्तिका, डॅगवुड या व्यंगचित्रातल्या पात्रानं अणू फोडल्याचं एक कॉमिक, आणि ‘प्रॉस्पेक्टिंग फॉर युरेनियम’ ही सरकारी पुस्तिका. म्हणजे पोरांनो, खेळून झालं की डोंगरात जा आणि देशासाठी युरेनियम शोधा. नव्या साठ्याला सरकारचं दहा हजार डॉलरांचं बक्षीस होतं.

पेटी चालली नाही. पाच हजारांपेक्षा कमी विकल्या गेल्या आणि १९५१ नंतर ती बंद झाली. गिल्बर्ट हा गृहस्थ साधा नव्हता. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बांबूउडीचं सुवर्णपदक, मग जादूच्या खेळांचं सामान विकण्याचा धंदा, मग लोखंडी पट्ट्या-स्क्रूंचा ‘इरेक्टर सेट’. धंद्याची नस त्याला कळत होती, पण इथे तो फसला. मुलांसाठी पेटी फार महाग आणि फार अवघड होती. कोलंबिया विद्यापीठानं मात्र आपल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी पाच पेट्या घेतल्या, असं सांगतात.

आज या पेटीबद्दल दोनच मतं ऐकू येतात. पहिलं: ‘जगातलं सर्वांत धोकादायक खेळणं’. २००६ साली ‘रडार’ मासिकानं अशी एक यादी केली आणि त्यात ही पेटी वर होती. तेव्हापासून दर दिवाळी-नाताळला कुणीतरी ते मत परत गिरवतं. दुसरं मत हौशी मंडळींचं: तेव्हा मुलांना खरं विज्ञान मिळायचं, आता सगळं गुळमुळीत झालं. मला दोन्ही मतं आळशी वाटतात. पहिलं ‘युरेनियम’ हा शब्द वाचून थांबतं. दुसरं बरण्यांचं झाकण उघडूनच बघत नाही. (उघडू नयेच. का ते पुढे येईल.)

आधी पेटीची बाजू मांडतो, कारण ती भक्कम आहे.

या पेटीतली सर्वांत हुशार गोष्ट युरेनियम नाही. एकाच दगडाकडे बघायच्या चार वेगवेगळ्या वाटा पेटीत होत्या, ही ती गोष्ट. इलेक्ट्रोस्कोप आपण शाळेत सुवर्णपत्र विद्युतदर्शी म्हणून शिकलोय. पानं विद्युतभारित करायची, ती एकमेकांपासून दूर जातात. किरणोत्सारी पदार्थ जवळ आणला की हवेचं आयनीभवन होतं, भार गळतो, पानं मिटतात. किती वेळात मिटली ते घड्याळावर बघायचं. इथे एकेक कण दिसत नाही, सगळ्यांची मिळून गळती दिसते. स्पिंथॅरिस्कोप बरोबर उलटा. विल्यम क्रुक्सनं १९०३ साली तो बनवला. झिंक सल्फाइडचा छोटा पडदा, समोर अल्फा देणारा कणभर पदार्थ, वर भिंग. अंधाऱ्या खोलीत दहा-पंधरा मिनिटं डोळे स्थिरावू द्यायचे आणि मग बघायचं: एकेका अल्फा कणाची एकेक ठिणगी. क्लाउड चेंबरमध्ये कणाचा मार्ग दिसतो. पेटीतल्या चेंबरसाठी पोलोनियम-२१० ची एक तार दिलेली होती. त्याचा अल्फा कण सेकंदाला साधारण १६,००० किलोमीटर वेगानं निघतो आणि हवेत जेमतेम चार सेंटिमीटरच्या आत थांबतो. सगळे मार्ग सरळ आणि जवळपास सारख्या लांबीचे. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की ‘अल्फा कण ठरावीक ऊर्जेनं निघतात’ हे वाक्य पाठ करावं लागत नाही. आणि चौथा गायगर काउंटर. तो फक्त मोजतो.

एक सांगतो भार गळाला, दुसरा सांगतो ठिणगी पडली, तिसरा सांगतो असा गेला, चौथा सांगतो इतके आले. चारही यंत्रांची भौतिकी वेगळी, त्यामुळे त्यांच्या चुकाही वेगळ्या. इलेक्ट्रोस्कोप दमट हवेत आपोआप गळतो, गायगरला दमट हवेचं फारसं काही नसतं. गायगरची नळी जाड असेल तर तिला अल्फा कळतच नाही, स्पिंथॅरिस्कोपला नेमका तोच कळतो. संशोधनात आपण ‘स्वतंत्र पद्धतीनं पडताळणी’ असा भारदस्त शब्दप्रयोग करतो ना, ती गोष्ट इथे दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हातात ठेवलेली होती. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत एकाच यंत्राच्या एकाच आकड्यावर विसंबलेले विद्यार्थी मी पाहिलेत. त्यांना ही पेटी भेट द्यावी असं वाटतं.

आणखी एक खेळ या पेटीत सुचवलेला होता: गॅमा स्रोत खोलीत लपवायचा आणि काउंटर घेऊन शोधायचा. लपाछपीच. स्रोत झिंक-६५ चा, त्याचे गॅमा किरण उशी-कपाटातून सहज पार होतात. अंतर निम्मं झालं की आकडा चौपट व्हायला लागतो, हा व्यस्त वर्गाचा नियम मुलाला पायांनी कळतो. अध्यापनशास्त्राच्या दृष्टीनं याहून सुटसुटीत रचना मला सुचत नाही.

आता आजच्या हौशी माणसाच्या हातातली डबी घ्या. आत एक गायगर नळी, बहुतेक वेळा ‘एसबीएम-२०’ किंवा तिच्या जातीची, बाहेर चकचकीत पडदा, त्यावर ‘०.१४ मायक्रोसीव्हर्ट प्रतितास’. १९५० च्या पेटीत असा पडदा नव्हता, सीव्हर्ट हे एकक तेव्हा जन्मालाही आलेलं नव्हतं. टकटक मोजून आकडा मुलानंच काढायचा होता. ही गैरसोय होती हे मान्य, पण ती गैरसोय प्रामाणिक होती. नळीला सीव्हर्ट कळत नाही. तिला ‘काहीतरी आलं’ एवढंच कळतं. किती ऊर्जेचं आलं, बीटा होतं की गॅमा, हे तिला सांगता येत नाही. डबीच्या आतला प्रोग्राम त्या टकटकीला एका ठरलेल्या गुणकानं गुणतो आणि डोस म्हणून दाखवतो. हा गुणक सहसा सीझियम-१३७ च्या गॅमा किरणांवरून ठरवलेला असतो. समोर सीझियम असेल तर आकडा ठीक. समोर युरेनियमचं खनिज असेल तर त्यातून बीटाही भरपूर येतात, नळी तेही मोजते, आणि प्रोग्राम त्यांनाही सीझियमचे गॅमा समजून गुणतो. दगड नळीला चिकटवला की आकडा भसकन चढतो आणि मग ‘माझ्याकडचा नमुना किती जहाल’ म्हणून त्याचे फोटो काढले जातात.

यावर उपाय सोपा आहे. दगड आणि नळीच्या मध्ये दोन-तीन मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठेवा आणि पुन्हा मोजा. आकडा कोसळला तर कोसळलेला भाग जवळपास सगळा बीटाचा होता. त्याला सीव्हर्टमध्ये लिहायचा हक्क त्या डबीला नव्हता. वहीत ‘मिनिटाला इतके काउंट, इतक्या अंतरावर, मध्ये अमुक’ असं लिहा. सीव्हर्टची ओळ सरळ गाळा.

बरण्यांकडे येऊ. काचेच्या बंद बरणीत युरेनियमचं खनिज आहे आणि बाहेर गायगर टकटक करतोय. मुलानं वहीत काय लिहावं? ‘युरेनियम मोजलं’? युरेनियम-२३८ अल्फा कण देतं. अल्फा कागदानंही अडतो, काचेतून बाहेर येण्याचा प्रश्नच नाही. मग टकटक कुणाची? युरेनियमच्या पोराबाळांची. युरेनियम-२३८ एका दमात स्थिर होत नाही. थोरियम, प्रोटॅक्टिनियम, रेडियम, रेडॉन, मग शिसं-बिस्मथची किरणोत्सारी भावंडं अशी लांब वंशावळ उतरत शेवटी स्थिर शिशावर थांबतं. काचेतून बाहेर येणारे जोरकस बीटा आणि गॅमा या मधल्या पिढ्यांचे आहेत. म्हणजे यंत्रानं आजोबांना मोजलंच नाही, नातवंडांचा गलका ऐकून आजोबा घरात असल्याचा अंदाज बांधला.

हा अंदाज साधारण बरोबर निघतो, पण तो अंदाज आहे हे कळणं म्हणजेच अर्धं संशोधन. पेटीतल्या चारपैकी टॉर्बर्नाइट या हिरव्या खनिजाला याच बाबतीत मोठा इतिहास आहे. त्याचं जुनं नाव चाल्कोलाइट. १८९८ साली मारी क्यूरी पॅरिसमध्ये खनिजांचे नमुने गोळा करून एकेकाची सक्रियता इलेक्ट्रोमीटरनं मोजत होत्या. हिशेब साधा होता: खनिजात युरेनियम कमी, तर सक्रियता शुद्ध युरेनियमपेक्षा कमीच यायला हवी. पिचब्लेंड, म्हणजे युरेनिनाइटचाच एक प्रकार, आणि चाल्कोलाइट या दोघांनी तो हिशेब मोडला. दोन्ही युरेनियम धातूपेक्षा दुपटीहून अधिक सक्रिय निघाली. इथे बहुतेकांनी यंत्राला दोष दिला असता. क्यूरींनी शुद्ध रसायनांपासून प्रयोगशाळेत कृत्रिम चाल्कोलाइट बनवलं. रासायनिक घटक तेच, फक्त जमिनीतून आलेलं नाही. ते मोजलं, आणि त्याची सक्रियता त्यातल्या युरेनियमच्या प्रमाणातच निघाली. म्हणजे नैसर्गिक दगडात युरेनियमखेरीज आणखी काहीतरी होतं. पोलोनियम आणि रेडियमचा माग तिथून लागला.

कंट्रोल नमुना म्हणजे काय, हे शिकवायला मला दुसरं उदाहरण लागत नाही. आणि त्याची सगळी सामग्री गिल्बर्टच्या पेटीत बाजूबाजूला होती: टॉर्बर्नाइट, युरेनिनाइट आणि इलेक्ट्रोस्कोप. ‘तुलना करा’ असा मोह व्हावा, अशीच ती मांडणी आहे.

जाता जाता एक भ्रम: चमकतो तो किरणोत्सारी. ऑट्युनाइट अतिनील प्रकाशात झकास हिरवट चमकतं, म्हणून संग्राहकांचं ते लाडकं. पण ती चमक त्यातल्या युरेनिल आयनाची रासायनिक करामत आहे, किरणोत्साराची नव्हे. टॉर्बर्नाइटमध्येही युरेनिल असतं, पण तांबं त्याची चमक मारून टाकतं. आणि चौघांत सर्वाधिक युरेनियम असलेलं काळं, जड युरेनिनाइट अतिनील प्रकाशात ढिम्म असतं. अतिनील टॉर्चवर भरवसा ठेवून दगड निवडणाऱ्यानं हे तिन्ही शेजारी ठेवून बघावेत.

इथपर्यंत पेटीला पैकीच्या पैकी. आता तक्रार.

पेटीत एक सूचना होती. खनिजांचे नमुने बरणीतून बाहेर काढू नका. सूचना अगदी योग्य. पण कारण काय दिलं? ही खनिजं भुसभुशीत असतात, त्यांचे कण पडतील, ते तुमच्या प्रयोगशाळेत पसरतील आणि त्यामुळे बॅकग्राउंड काउंट वाढेल. झालं. तुमच्या फुप्फुसाबद्दल त्यात काही नाही.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला यात निव्वळ गंमत वाटली होती, आणि प्रयोग करणाऱ्या कुणालाही वाटेल. ही अस्सल प्रयोगशाळेची भाषा आहे. आमच्या लॅबमध्येही सांडलवंड झाली की पहिली हाय बॅकग्राउंडच्या नावानं निघते. सूचना खोटी नाही. तिच्या बाजूनं आणखी एक मुद्दा सांगतो, तो सहसा कुणी सांगत नाही. युरेनियमच्या वंशावळीत रेडॉन-२२२ हा वायू आहे, अर्धायुष्य ३.८ दिवस. झाकण उघडं ठेवलं तर दगडातून सुटलेला रेडॉन उडून जातो. त्याच्या पुढच्या पिढ्या, म्हणजे शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४, यांचं अर्धायुष्य अर्ध्या तासाच्या आत असतं. बरणीच्या बाहेर पोचणाऱ्या गॅमा किरणांचा मोठा वाटा त्यांचा. बरणीतला रेडॉन गेला की तासा-दोन तासांत नमुन्याचा स्वतःचा आकडाही थोडा उतरतो. म्हणजे झाकण उघडल्यानं खोलीचा आकडा बिघडतो आणि दगडाचाही. मोजमापाच्या बाजूनं बघितलं तर झाकणाची सूचना लेखकाला वाटली त्याहून जास्त बरोबर आहे.

पण सूचना कुणासाठी लिहिली होती? शाळकरी मुलासाठी. त्याला ‘बॅकग्राउंड बिघडेल’ हे कारण दिलं की तो मनात काय म्हणेल? ‘आज मोजायचं नाहीये, मग काढून बघायला काय हरकत?’ कारण चुकीचं दिलं की नियम बरोबर असूनही मोडतो. आणि खरं कारण इतकं साधं होतं की मुलाला दोन वाक्यांत सांगता आलं असतं. बाहेर टेबलावर ठेवलेल्या दगडाचे अल्फा तुमच्या कातडीच्या वरच्या थरातच अडतात. तोच दगड पूड होऊन श्वासातून आत गेला की मध्ये अडवायला काही उरत नाही.

‘तेव्हा कुणाला माहीत होतं?’ हा बचाव इथे टिकत नाही. जर्मनीतल्या श्नीबर्गच्या खाणकामगारांना फुप्फुसाचा जीवघेणा आजार होतो हे शतकानुशतकं माहीत होतं, आणि तो फुप्फुसातली गाठ आहे हे हेर्टिंग आणि हेस्से या दोन डॉक्टरांनी १८७९ सालीच लिहून ठेवलं होतं. १९५० पर्यंत संशयाची सुई खाणीतल्या रेडॉनकडे वळलेलीही होती.

इथे पेटीतली दुसरी उणीव उघडी पडते. ही उणीव संग्राहकाच्या नजरेला आधी दिसते. खनिजाच्या नमुन्याला चिठ्ठी लागते: कुठली खाण, कुठला थर, कुणी कधी गोळा केला. चिठ्ठी नसलेला नमुना म्हणजे तारीख नसलेली नोंदवही. गिल्बर्टच्या बरण्यांबद्दल सांगितलेलं एवढंच, की खनिजं ‘कोलोरॅडो पठाराच्या भागातली’ आहेत. कोलोरॅडो पठार म्हणजे अमेरिकेतल्या चार राज्यांत पसरलेला प्रचंड प्रदेश. नाव आहे, गाव नाही.

त्या पठारावर त्या वर्षी काय चाललं होतं? अणुबॉम्बसाठी युरेनियम हवं होतं आणि पिवळ्या कार्नोटाइटच्या खाणी धडाक्यात उघडत होत्या. त्यातल्या कितीतरी नवाहो लोकांच्या भूमीवर होत्या आणि खाणीत उतरणारेही अनेकदा नवाहोच होते. वायुवीजन नावापुरतं. सुरुंग उडाल्यावर धूळ बसायच्या आत माणसं परत आत जायची. पेटी बाजारात आली त्याच वर्षी, १९५० मध्ये, अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्यानं या खाणकामगारांचा वैद्यकीय अभ्यास सुरू केला. रेडॉनच्या धोक्याबद्दल मात्र कामगारांना सांगितलं गेलं नाही. पुढच्या दशकांत फुप्फुसाच्या कॅन्सरनं माणसं मेली, घरंच्या घरं विधवांची झाली. नुकसानभरपाईचा कायदा व्हायला १९९० साल उजाडलं.

खेळण्यावर या मृत्यूंचा बोजा टाकायचा माझा हेतू नाही, ते अन्यायाचं होईल. पण ‘सर्वांत धोकादायक खेळणं’ म्हणणाऱ्यांनी धोका चुकीच्या टोकाला शोधलाय, हे मात्र मला ठामपणे म्हणायचंय. बंद बरणीतल्या चार खड्यांपासून हातभर अंतरावर बसलेल्या मुलाला मिळणारा डोस किरकोळ होता. दगड तोच, धातुक तेच. न्यू हेवनच्या दिवाणखान्यात काचेआड ते निरुपद्रवी, आणि पठारावरच्या कोंदट बोगद्यात, धूळ आणि रेडॉन होऊन, मारक. ज्या गोष्टीपासून झाकण मुलाला वाचवत होतं, तीच खाणीत कामगाराच्या छातीत जात होती. त्या एका सूचनेत खरं कारण लिहिलं असतं, तर एखाद्या चौकस पोरानं विचारलं असतं: मग हे खणून काढणाऱ्याचं काय? पेटीतली सरकारी पुस्तिका तर त्याच पोराला खणायला बोलावत होती.

आणि गायगर काउंटर यातलं काहीच सांगत नाही. खोलीतल्या हवेत रेडॉन किती, हे या नळीला कळत नाही. त्याला वेगळं यंत्र लागतं आणि मोजायला दिवस लागतात. आज संग्राहक बंद कपाटात शंभर नमुने ठेवतो, कपाटासमोर डबी धरतो, ‘०.२० आलं, ठीक आहे’ म्हणतो आणि कपाट उघडून दीर्घ श्वास घेतो. डबीनं तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बरोबरच दिलंय. विचारायचा प्रश्न दुसराच होता.

तुमच्यापैकी कुणाला आता हे दगड हवेसे झाले असतील, तर भारतातली स्थिती सांगून ठेवतो. अणुऊर्जेविषयीच्या कायद्याखाली युरेनियम-थोरियमची धातुकं विहित पदार्थांत येतात. केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या वाळूतलं मोनाझाइटही त्यात आलं. ‘शोभेचा दगड’ म्हणून परदेशातून पार्सल मागवायच्या फंदात पडू नका. आणि सह्याद्रीत काउंटर घेऊन हिंडायला जाणार असाल तर अपेक्षा बेताची ठेवा. आपला काळा पाषाण, बेसॉल्ट, ग्रॅनाइटच्या मानानं फारच गरीब आहे. त्याच्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, अ‍ॅपोफिलाइट, वाघोलीचं निळं कॅव्हन्साइट अशी देखणी खनिजं मिळतात, पण नळीला त्यांचं कौतुक नाही.

घरात करण्याजोगा प्रयोग वेगळा आहे, आणि त्याचं सामान कृषी सेवा केंद्रात मिळतं. म्युरिएट ऑफ पोटॅश, शेतकरी ज्याला नुसतं ‘पोटॅश’ म्हणतात. प्रत्येक नैसर्गिक पोटॅशियममध्ये थोडं पोटॅशियम-४० असतं, त्यामुळे एक ग्रॅम पोटॅशियममध्ये सेकंदाला साधारण ३१ विघटनं होतात. खतात निम्मं वजन पोटॅशियमचं, म्हणजे किलोभर पुड्यात सेकंदाला पंधरा हजारांच्या वर. घाबरायचं कारण नाही, तुमच्या स्वतःच्या शरीरातही याच पोटॅशियम-४० ची सेकंदाला चार हजारांच्या आसपास विघटनं होत असतात. रेडियम किंवा युरेनियमसारखं भारी नाव नाही म्हणून याला कमी लेखू नका. वंशावळीची भानगड नाही, वायू नाही, अर्धायुष्य सव्वाशे कोटी वर्षं. हौशी माणसाला याहून शिस्तीचा स्रोत मिळणार नाही.

पुडा पातळ प्लास्टिकमध्ये नीट बंद करा. आता समजा, पुडा नसताना एका मिनिटात २० काउंट आले आणि पुडा असताना २६. सापडलं? नाही. अशा मोजणीत अनिश्चितता काउंटच्या वर्गमुळाइतकी असते. फरक ६, आणि त्याची अनिश्चितता २० अधिक २६ चं वर्गमूळ, म्हणजे जवळपास ७. काही सापडलेलं नाही, पुड्याऐवजी उशी ठेवली असती तरी असा फरक येऊ शकतो. आता तोच दर धरून अर्धा-अर्धा तास मोजा. ६०० आणि ७८०. फरक १८०, अनिश्चितता १३८० चं वर्गमूळ, सुमारे ३७. फरक अनिश्चिततेच्या पावणेपाचपट झाला, आता बोला. यंत्र तेच, पुडा तोच, वाढली ती फक्त बैठक.

मोजण्याचा क्रम: आधी अर्धा तास बॅकग्राउंड, मग अर्धा तास पुडा, मग पुडा दुसऱ्या खोलीत नेऊन पुन्हा अर्धा तास बॅकग्राउंड. नळी मधल्या काळात हलवायची नाही. दोन्ही बॅकग्राउंड आपापल्या अनिश्चिततेत जुळले तरच मधला आकडा वहीत घ्यायचा. दुसरं बॅकग्राउंड स्पष्टपणे जास्त आलं, तर यंत्राला नावं ठेवण्याआधी टेबल ओल्या फडक्यानं पुसा आणि पुड्याला कुठे भोक पडलंय का ते बघा.